एका बाजूने धरलेलं चाक

आमच्या नात्यागोत्यात कोणाकडे डुकाटी नाही आणि कोणाकडे येईल अशी चिन्हंही नाहीत. तरी या गाडीवरून दोन माणसं तासन्‌तास भांडतात. एक माझा मेव्हणा, दुसरी माझी मुलगी. मेव्हणा परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होता. भोईवाड्यातल्या खोलीतून चालत कामावर जायचा. निवृत्त झाला, इमारतीच्या पुनर्विकासाच्या सभा सुरू झाल्या, पण खोली आणि मतं दोन्ही अजून जागेवर आहेत. मुलगी पवईच्या आयडीसीत इंडस्ट्रियल डिझाइन शिकली. आयआयटीची ही शाखा १९६९पासूनची, पण मामाच्या चाळीत तिला अजून ‘ड्रॉइंगचा कोर्स’च म्हणतात.

मामाने इटालियन मोटरसायकली पाहिल्या त्या फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मिळणाऱ्या जुन्या इंग्रजी मासिकांत. मजकूर त्याला जेमतेम लागायचा. इंजिनाचा उभा छेद दाखवणारं चित्र मात्र त्याला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. मुलीने त्याच गाड्या कॉलेजच्या पडद्यावर पाहिल्या, बाहेरून. वादाचं मूळ बहुधा इथेच आहे.

मामाचं दैवत म्हणजे फाबियो तालिओनी. साध्या इंजिनात कॅम व्हॉल्व्हला ढकलून उघडतो आणि स्प्रिंग त्याला बंद करते. फेरे फार वाढले की स्प्रिंग मागे पडते. व्हॉल्व्ह वेळेत जागेवर बसत नाही आणि वर येणारा पिस्टन त्याच्यावर आदळतो. पन्नासच्या दशकातल्या स्प्रिंगा तर तुटायच्याच. १९५४ साली डुकाटीत आलेल्या तालिओनीने स्प्रिंगवरचा भरवसाच काढून घेतला. १९५६च्या १२५ सीसी रेसच्या गाडीत व्हॉल्व्ह उघडायलाही कॅम आणि बंद करायलाही कॅम. इंजिन साडेबारा हजार फेरे घेऊ लागलं. स्वीडनच्या ग्रांप्रीत जिआनी देग्ली अंतोनी ही गाडी घेऊन उतरला आणि पहिल्याच शर्यतीत जिंकला. त्याच उन्हाळ्यात मोन्झाला सराव करताना तो गेला. या यंत्रणेला डेस्मो म्हणतात, आणि मामा हा शब्द घरच्या माणसाचं नाव घ्यावं तसा घेतो.

“उमेदवारीत मी वाफेची इंजिनं पाहिलीत, बाय,” मामा सांगत होता. “तिथे वाफेच्या व्हॉल्व्हला बंद करायला स्प्रिंग कुठे होती? दांडाच पुढे ढकलणार, दांडाच मागे ओढणार. तालिओनीने तेच केलं. फक्त आमचं धूड मिनिटाला दोन-तीनशे फेरे घ्यायचं आणि त्याचं हजारोंनी.”

“पण ते त्याने शोधलं नाही,” मुलगी म्हणाली. “मर्सिडीजच्या १९५४च्या रेसच्या गाडीत डेस्मो होतंच.”

“होतं. आणि मर्सिडीजने सोडून दिलं. डुकाटीने १९६८मध्ये ते बाजारातल्या गाडीत घातलं. शोधणारा एक असतो, निभावणारा दुसरा.”

“निभावलं म्हणतोस, मग पुढचं पण ऐक. २०२०मध्ये मल्टिस्ट्राडाचं नवं व्ही-फोर इंजिन आलं, त्यात डुकाटीने स्प्रिंगा घातल्या. टॅपेट तपासायला साठ हजार किलोमीटरनंतर या म्हणतात. चार वर्षांनी नवं दोन सिलिंडरचं इंजिन आलं, त्यातही स्प्रिंगा. डेस्मोसाठी चिमटीभर शिमा घेऊन बसणारे मिस्त्री त्यांनाच परवडेनात. आता तुझं दैवत कुठे बसवायचं?”

मामा गडबडेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, “बरोबर केलं त्यांनी. तेव्हा स्प्रिंग तुटत होती म्हणून डेस्मो आलं. आता स्प्रिंग तुटत नाही, डेस्मो जाईल. ज्याचं काम संपलं त्याने निवृत्त व्हावं. मी नाही झालो?”

हे उत्तर मला तेव्हा नुसतं चतुर वाटलं. तो पुढच्या वादासाठी खुंटी ठोकत होता, हे नंतर लक्षात आलं.

मामाच्या हिशेबात इटालियन मोटरसायकलचा चांगला काळ १९७०च्या आसपासचा. तालिओनीने तेव्हा दोन सिलिंडर एकमेकांशी ९० अंशांत मांडले, एक जवळजवळ आडवा आणि एक उभा. या मांडणीत पिस्टनांचे हिसके एकमेकांना बरेचसे पुसून टाकतात आणि दोन्ही सिलिंडरना वारा लागतो. कॅमपर्यंत फिरणारी ताकद नेली ती बेव्हल गिअर आणि उभ्या शाफ्टमधून, साखळी नाही, पट्टा नाही. २३ एप्रिल १९७२ला इमोलाच्या २०० मैलांच्या शर्यतीत या ७५० सीसी गाड्या पहिल्या आणि दुसऱ्या आल्या. पॉल स्मार्ट पुढे, ब्रुनो स्पाज्जारी मागे. एमव्ही अगुस्तावरचा आगोस्तिनी, ज्याच्या नावावर पुढे १५ जागतिक विजेतेपदं लागली, त्याच शर्यतीत होता आणि मध्येच बाहेर पडला. त्याच सुमारास मोटो गुझ्झीत लिनो तोंतीने व्ही-सेव्हन स्पोर्टसाठी सरळ नळ्यांची चॅसी काढली. इंजिन खाली घेता यावं म्हणून डायनॅमो वरून काढून पुढे नेला. ब्रेगान्झेच्या लावेर्दा घराण्याचा मूळ धंदा शेतीच्या यंत्रांचा, तर त्यांच्या भगव्या रंगाच्या ७५० एसएफसीचं सगळंच शेतकी दणकटपणाचं.

“या गाड्यांत लपवलंय काय, सांग बरं?” मामा विचारतो. “इंजिन दिसतं, चॅसी दिसते, पाना कुठे लावायचा ते दिसतं. नंतर तुमच्या लोकांनी त्यावर प्लास्टिक चढवलं.”

“आमच्या लोकांनी नाही, वाऱ्याने,” ती म्हणाली. “मोटो गुझ्झीने १९५०मध्येच मांडेल्लोच्या कारखान्यात वाऱ्याचं भुयार बांधलं होतं, मामा. इंजिनाची ताकद वाढवायला पैसा लागतो. वारा कापायला आकार पुरतो. फेअरिंग हा गाडीचा सदरा नाही, तो तिचा भाग आहे.”

“असेल. पण प्लास्टिक काढलं की आत काय अवस्था असते ते मला विचार. आत कोणी बघणार नाही असं धरून वायरी कोंबलेल्या असतात.”

“ताम्बुरिनीच्या गाडीत नसतात.”

इथे मुलीचं दैवत आलं. मास्सिमो ताम्बुरिनीने १९९३च्या मिलानच्या प्रदर्शनात डुकाटी ९१६ दाखवली आणि पुढच्या वर्षी ती बाजारात आली. सडपातळ कंबर, दोन चपटे दिवे, सीटखाली नेलेले सायलेन्सर, आणि मागचं चाक एकाच बाजूने धरलेलं. उजव्या बाजूने पाहिलं तर चाक हवेत सोडून दिल्यासारखं दिसतं. १९९८मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात मोटरसायकलींचं प्रदर्शन भरलं, तेव्हा ती चित्रं-शिल्पं ठेवायच्या दालनात उभी होती. आणि ती नुसती उभी राहणारी गाडी नव्हती. कार्ल फोगार्टीने या घराण्याच्या गाड्यांवर सुपरबाइकची चार जागतिक विजेतेपदं घेतली.

मुलगी ९१६विषयी बोलताना हात हवेत फिरवते. “बाकीच्यांनी इंजिन केलं, मग टाकी ठेवली, मग दिवा लावला. त्याने पुढच्या दिव्यापासून शेपटापर्यंत एकच रेघ काढली आणि सगळं त्या रेघेत बसवलं. दिवा एका गाडीचा आणि टाकी दुसरीची असं त्यात वाटत नाही. तो आठवडेच्या आठवडे एकेका ब्रॅकेटवर बसायचा, आणि त्यामुळेच त्याच्या आतल्या वायरी कोंबलेल्या नाहीत.”

मामाने ताम्बुरिनी कुठल्या कॉलेजातला असं विचारलं. तो कुठल्याच कॉलेजातला नव्हता. रिमिनीत त्याचा भागीदारीत धंदा होता घरं गरम ठेवायच्या यंत्रणेचा, म्हणजे पत्रा वाकवणं आणि नळ जोडणं. १९७२ला मिसानोच्या ट्रॅकवर होंडा ७५० चालवताना आपटला आणि बरगड्या मोडून घेतल्या. होंडाचं इंजिन जोरदार होतं, पण चॅसी वळणात डगमगायची. बरा होत असताना त्याने त्याच इंजिनासाठी स्वतःची नळ्यांची चॅसी जोडली. त्याच धंद्यातून बिमोटा ही मोटरसायकल कंपनी झाली. त्या नावातली ‘बि’, ‘मो’ आणि ‘टा’ ही तीन भागीदारांच्या आडनावांची पहिली अक्षरं, शेवटचा ‘टा’ ताम्बुरिनीचा.

“आयला, हा तर आपल्यातला निघाला!” मामा खूश झाला. “एसीच्या डक्टवाला. मग त्याच्या हाताला शंका नाही. पण तरी मी विचारणार : मागचं चाक एका बाजूने का धरलं?”

“सुंदर दिसतं.”

“हे उत्तर झालं नाही.”

“शर्यतीत चाक पटकन बदलता येतं.”

“कुठल्या शर्यतीत?”

मुलगी थांबली, कारण उत्तर तिला माहीत होतं आणि ते मामाच्या बाजूचं होतं. एका बाजूचा मागचा फोर्क चोवीस-चोवीस तास चालणाऱ्या शर्यतींत उपयोगी. एल्फ या फ्रेंच तेल कंपनीने होंडाबरोबर अशा शर्यतींत तो चालवून पाहिला आणि होंडाने १९८७च्या आरसी-थर्टीत रस्त्यावर आणला. सीटखालचे सायलेन्सरही होंडाने १९९२च्या एनआरमध्ये दाखवले होते. सुपरबाइकच्या छोट्या शर्यतीत चाक बदलायला कोण थांबतो?

मग मामाने माझ्याकडे वळून विचारलं, “भावोजी, तुमच्या चेतकचं चाक कसं होतं?”

मला हे कधी सुचलंच नव्हतं. बजाज चेतकची दोन्ही चाकं एकाच बाजूने धरलेली होती! त्याची कथा ९१६पेक्षा जुनी आहे. व्हेस्पा काढणारा कोर्रादिनो द’आस्कानिओ हा हेलिकॉप्टरांचा इंजिनिअर. मोटरसायकल त्याला मुळीच आवडत नसे : ती मळकी, बसायला अवघड आणि चाक पंक्चर झालं की माणसाची परीक्षा बघणारी. १९४६च्या व्हेस्पात त्याने पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एका बाजूने धरलं. नट सोडवले की चाक हातात, स्टेपनी लावली की निघालं. तीच स्टेपनी पुढे चालते, मागेही चालते. बजाजने पिआजिओच्या परवान्यावर पुण्यात व्हेस्पा बनवली, १९७१मध्ये परवाना संपला, १९७२मध्ये चेतक आली. आणि मी हिंदमाताच्या पाण्यातून बाहेर काढलेल्या त्या चेतकचं चाक फुटपाथच्या कडेला कितीदा बदललं असेल, तेव्हा इटलीचा आणि आपला काही संबंध आहे हे डोक्यातही आलं नव्हतं.

“बघ,” मामा मुलीला म्हणाला. “एका बाजूने धरलेलं चाक सगळ्यात योग्य जागी कुठे होतं, तर तुझ्या बापाच्या स्कूटरला. तिथे त्याला काम होतं. तुझ्या ९१६ला ते दागिना म्हणून आहे. आणि फोर्क एकाच बाजूला असला की त्या बाजूला जाड करावा लागतो, वजन वाढतं. हे रेसवाल्यांना कळत नसेल? कळलंच होतं. म्हणून तर ९९९ आली.”

खुंटीचा उपयोग असा झाला. डेस्मोचं काम संपलं की डेस्मोने जावं, हे ज्याने मान्य केलं त्याला हे म्हणायचा हक्क होता.

९९९ ही या वादातली माझी आवडती गाडी, म्हणून जरा रेंगाळतो. पिएर टेरब्लांश या दक्षिण आफ्रिकी माणसाने ती २००२मध्ये काढली. दोन्ही बाजूंनी धरलेला फोर्क परत आला, हलका आणि ताठ. सीट आणि टाकी पुढे-मागे सरकवता येईल अशी, पायाच्या खुंट्यांच्या जागा बदलता येतील अशा, म्हणजे उंच माणसानेही चालवावी आणि बुटक्यानेही. सुट्या भागांची संख्या कमी केली, वायरींचा गुंताडा कमी केला. ९१६ माणसाला स्वतःच्या आकारात कोंबत असे. ९९९ माणसाच्या मापाने बदलायला तयार होती. शर्यतीत ती २००३, २००४ आणि २००६ अशी तीन वर्षं विजेतेपद देऊन गेली. आणि तरी लोकांनी तिला नाकं मुरडली. एकाखाली एक ठेवलेले दिवे, पेटीसारखा जाडजूड सायलेन्सर, तुकड्यातुकड्यांची फेअरिंग. इतकी नाकं मुरडली की २००७मध्ये डुकाटीने १०९८ आणली ती आडवे दिवे, सीटखाली दोन सायलेन्सर आणि एका बाजूने धरलेलं मागचं चाक घेऊन.

“म्हणजे काय झालं?” मामा म्हणाला. “इंजिनिअरने बरोबर केलं, गिऱ्हाइकाने खोडून टाकलं.”

“इंजिनिअरने अर्धं बरोबर केलं,” ती म्हणाली. “टेरब्लांश हुशार आहे, मी मानते. पण त्याने प्रत्येक प्रश्नाचं वेगळं उत्तर काढलं आणि ती उत्तरं एकमेकांशेजारी ठेवली. ताम्बुरिनीचं एकच उत्तर होतं. आणि मामा, एक गोष्ट तू विसरतोस. सुंदर दिसणं हेही काम आहे. कोणाला तरी ती बघून पैसे द्यावेसे वाटले म्हणून बोलोन्याचा कारखाना उभा राहिला. डुकाटी आधी सरकारी मालकीची होती, १९८५मध्ये कास्तिल्योनी बंधूंच्या काजिवाने घेतली, १९९६मध्ये अमेरिकन गुंतवणूकदारांनी घेतली, २०१२मध्ये औडीने. दर वेळी विकत घेणाऱ्याने काय घेतलं? लेथ मशीन घेतली? त्याने लोकांच्या मनात बसलेलं चित्र घेतलं.”

“चित्र विकून कारखाना जगतो?”

“चित्राशिवाय मरतो. लावेर्दा संपली. बेनेल्ली बघ. पेसारोतल्या तेरेसा बेनेल्ली या विधवा बाईने १९११मध्ये सहा मुलांना धंदा म्हणून वर्कशॉप काढून दिलं. त्या कंपनीने सत्तरीत सहा सिलिंडरची मोटरसायकल विकायला काढली. २००५मध्ये चिनी कंपनीने घेतली.”

बेनेल्लीचं पुढचं आपल्याकडच्या लोकांना माहीत आहे. २०१५ला ती डीएसकेच्या नावाने इथे आली. वाईजवळच्या कारखान्यात सुटे भाग जोडून गाडी तयार व्हायची. चार सिलिंडरच्या सहाशेचा आवाज ऐकायला पोरं सिग्नलला थांबायची. मग डीएसके अडचणीत आली आणि २०१८ला बेनेल्ली हैदराबादच्या कंपनीकडे गेली. एमव्ही अगुस्ता पुण्याच्या कायनेटिकने २०१६ला आणली. तीच कायनेटिक, जिची १९७२ची लुना पिआजिओच्या चाओ या मोपेडवरून घेतलेली होती. त्याच्याही आधी मुंबईतच एपीआय कंपनी लॅम्ब्रेटा बनवत होती. इटलीत इन्नोचेंतीने लॅम्ब्रेटा बंद केल्यावर तिची यंत्रसामग्री १९७२मध्ये लखनौच्या सरकारी कंपनीसाठी घेतली गेली. मामाचा यावरचा शेरा असा की इटालियन माणूस गाडी जन्माला घालतो आणि आपण तिला म्हातारी होईपर्यंत सांभाळतो.

९९९च्या वादात मी मामाच्या बाजूने आहे. मला जाड माणसाला चालवता येईल अशी गाडी आवडते, एवढं वैयक्तिक कारण पुरे. पण एक बातमी दोघांनाही अडचणीची आहे. २०२४च्या उन्हाळ्यात डुकाटीने आपली सगळ्यात वरची पानिगाले व्ही-फोर नव्याने दाखवली, आणि तिला मागचा फोर्क परत दोन बाजूंचा! या वेळचं कारण नेमकं उलट. ९९९च्या वेळी फोर्क ताठ हवा होता. आता गाडी वळणात आडवी झोपली की बाजूने थोडा लवचीक असलेला फोर्क टायरला रस्ता धरू देतो, म्हणून कडेचा ताठपणा ३७ टक्क्यांनी कमी केला. लोकांनी परत नाकं मुरडली. या वेळी डुकाटीने माघार घेतलेली नाही.

“म्हणजे टेरब्लांश बरोबर होता,” मामा.

“म्हणजे टेरब्लांश चुकीच्या कारणासाठी बरोबर होता,” मुलगी.

मला वाटतं डुकाटीला या वेळी दम धरता आला तो वेगळ्या कारणाने. ९९९च्या वेळी तिच्याकडे दाखवायला फक्त सुपरबाइकची विजेतेपदं होती. आता मोटोजीपीची आहेत, ओळीने. जिंकणाऱ्याची कुरूपता लोक लवकर माफ करतात. आणि नळ्यांची जाळीदार चॅसी, जिच्याशिवाय डुकाटी ओळखूच येत नाही असं म्हणायचे, ती या गाडीतून कधीच गेली. २०१२च्या पानिगालेत इंजिनच चॅसीचं काम करू लागलं. तेव्हा कोणी मोर्चा काढला नाही.

वादाचा शेवटचा भाग बारामतीचा. पिआजिओ गेली पंचवीसएक वर्षं तिथे आपे रिक्षा बनवते, २०१२पासून व्हेस्पाही. २००४पासून अप्रिलिया आणि मोटो गुझ्झी या दोन्ही कंपन्या पिआजिओच्या आहेत. आणि २०२३च्या डिसेंबरात गोव्यात एक गाडी ४ लाख १० हजारांना बाजारात आली : अप्रिलिया आरएस ४५७. व्हेनिसजवळच्या नोआलेत काढलेली आणि बारामतीत बनणारी. तिथून ती युरोपात आणि अमेरिकेत जाते. म्हणजे एखाद्या इटालियन पोराची पहिली स्पोर्ट मोटरसायकल बारामतीच्या माणसाने जोडलेली असते, सुटे भाग आणून नव्हे, तर इथेच पूर्ण.

मुलीला ती आवडते ते तिच्या काटकसरीसाठी. “४५७ का, ५०० का नाही? युरोपात नव्या चालकाला ३५ किलोवॉटपर्यंतची गाडी चालवता येते. म्हणजे ४७.६ घोडे. हिची ताकद तेवढीच, एक कण जास्त नाही. दोन सिलिंडर शेजारी शेजारी, म्हणजे एकच हेड, कॅमचा एकच संच, स्वस्त. क्रँक मात्र २७० अंशांचा.”

मामाने बोटांवर काहीतरी मोजलं आणि हसला. “२७०? म्हणजे स्फोटांमधलं अंतर ९० अंशांच्या व्ही इंजिनासारखंच. आवाज तालिओनीचा आणि खर्च निम्मा.”

“बरोबर पकडलंस.”

“उसना आवाज.”

“पण मागच्या चाकाला पकड मिळते त्या ठेक्याने.”

“मिळू दे. मी तक्रार करत नाही, बाय. मला एवढंच म्हणायचंय की ही गाडी आपली. ज्याच्या हाताखाली माप जुळतं, गाडी त्याची. आमच्या वर्कशॉपात इंग्लंडहून आलेलं इंजिन आम्ही इतकं खोलायचो आणि इतकं नवं घालायचो की शेवटी त्यात इंग्रजांचं नावाची पाटी सोडून काही उरायचं नाही.”

“पाटी आणि नकाशा,” ती म्हणाली. “मामा, नकाशा त्यांचाच राहिला. बारामतीचा माणूस चांगला हात आहे, पण त्याने उद्या म्हटलं की टाकी दोन बोटं बारीक करू या, तर ते ठरवणारं टेबल नोआलेत आहे. तालिओनीच्या हाताखालचे लोक इंजिन जोडायचे आणि तो त्यांच्यामध्ये उभा राहून रेघ बदलायचा. ताम्बुरिनी स्वतः चॅसी वेल्ड करायचा. इटालियन गाडी इटालियन झाली ती रेघ काढणारा आणि पाना फिरवणारा एकाच छपराखाली होते म्हणून. आपल्याकडे पाना आहे. रेघ पाहुणी आहे.”

मामा बराच वेळ काही बोलला नाही, आणि तो गप्प बसतो तेव्हा सहसा पटलेलं असतं. मग म्हणाला, “तू काय करतेस तिकडे पुण्यात?”

पुण्याच्या एका कंपनीत ती नोकरी करते. नाव कशाला घ्या. तिच्या पहिल्या वर्षाचं काम होतं टाकीवरचे स्टिकर. गाडी तीच, यंदाच्या दिवाळीला पट्टा निळा करायचा की भगवा. ९१६वर प्रबंध लिहिलेल्या मुलीने सहा छटांचे भगवे पट्टे काढले आणि वरच्यांनी सातवा निवडला.

या भागात मी मुलीच्या बाजूने आहे, आणि पुरावा माझ्याच दारात उभा होता. पिआजिओचा परवाना १९७१ला संपला, म्हणजे आकार बदलायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. आकाराने चेतक व्हेस्पाचीच बहीण राहिली आणि तशीच तीस वर्षांहून जास्त विकली गेली. त्या काळात गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचो आम्ही, तेव्हा नवी रेघ काढायची कंपनीला गरज नव्हती आणि मागायची आम्हाला अक्कल. आज तसं नाही. चाकण, आकुर्डी, बारामती हा सगळा पट्टा जगाला दुचाकी पुरवतो. फिटर आहेत, पैसा आहे, रस्ते कसे आहेत ते आमच्यापेक्षा इटालियन माणसाला जास्त ठाऊक नाही. पवईहून आणि पुण्याहून दर वर्षी गाडी काढता येणारी मुलं बाहेर पडतात. या पट्ट्यातल्या कारखानदारांना माझी विनंती एवढीच : त्यांना स्टिकरवर बसवू नका. एक इंजिन द्या, परळ वर्कशॉपसारख्या जागेतून निवृत्त झालेला एखादा फिटर शेजारी बसवा, आणि पुढची दोन वर्षं त्यांनी काय काढलं ते बघायला खाली येत राहा.